येरमाळ्यातल्या तीन खोल्या

मुरुमजवळच्या एका खेड्यात महालिंगप्पांचं कापडाचं दुकान होतं आणि डोक्यात कायम जागेचा किडा. कुठं रिकामं घर दिसलं की माणूस थबकायचा, पावलांनी लांबी-रुंदी मोजायचा. जमीन काही पळून जात नाही, हे येईल त्या गिऱ्हाइकाला ऐकवायचा.

१९४५ च्या कार्तिकात ते येरमाळ्याला येडेश्वरीच्या दर्शनाला गेले. तिथं देवीच्या डोंगराशी, पायऱ्यांच्या तोंडावरच, दगडाबाई नावाच्या म्हातारीचं तीन खोल्यांचं माळवद, मातीच्या धाब्याचं घर, विकायला होतं. चैत्रात जत्रेला खोल्या भाड्यानं द्यायच्या, त्यांनी तिथल्या तिथं ठरवून टाकलं. घरी येऊन बायकोकडं, नागम्माकडं, तिच्या आईच्या पाटल्या मागितल्या.

"एक जत्रा होऊ दे. पाटल्या परत तुझ्या हातात घालतो. बसवण्णाची आण."

पाटल्या मनगटातून निघेनात. शेवटी तेल लावून काढल्या, आणि त्या मोडून घराचे पैसे उभे केले.

कागदावर अंगठा उठवताना दगडाबाईंनी विचारलं, "आप्पा, जत्रा बघितलीया का कदी?"

"बघायला कशाला पायजे? सगळा मुलूख लोटतो म्हणं."

म्हातारीनं अंगठा दाबला. तिला घर विकायचं होतं.

माळवदावर नवी पांढरी माती पडली, भिंतींना चुना लागला, पाच रांजण आले. चैत्री पौर्णिमेला खरंच मुलूख लोटला. दुसऱ्या दिवशी पालखी आमराईकडं निघाली आणि तिच्यामागं सगळी माणसंही गेली. वाटेत रानातले चुनखडीचे खडे वेचायचे, मग आमराईत झाडाखाली चुली मांडून पाच दिवस राहायचं, ही तिथली रीत. येरमाळ्याच्या शेंबड्या पोरालाही ती ठाऊक होती. महालिंगप्पा भरल्या रांजणांशी बसून राहिले. एकच जण आला, तोही पाणी पिऊन गेला.

गावभर हसं झालं. नागम्मा एका शब्दानं बोलली नाही, आणि तेच त्यांच्या जिव्हारी लागलं. तिनं भाकरी वाढली की ते ताटात बघायचे, तिच्या हाताकडं नाही.

१९४८ च्या उन्हाळ्यात मुरुमकडं लुटारूंच्या टोळ्या फिरू लागल्या. महालिंगप्पांनी गाडी जुंपली आणि बायकोला घेऊन येरमाळा गाठलं. आठवड्यानं शेजारचा ईरण्णा तिथं आला.

"आप्पा, दुकान फोडलं. एक थान ठिवलं न्हाय. पलीकडच्या घरातल्या गौराबाईच्या हातातल्या पाटल्या वरबाडून नेल्या."

महालिंगप्पा उंबऱ्यावर बसले. नागम्मा रांजणात पाणी ओतत होती. तिनं घागर खाली ठेवली.

"अवो, माज्या पाटल्या न्हाय गेल्या."

त्यांना काही कळेना. तिनं ओल्या हातानं भिंत थोपटली.

"ह्या काय. हितंच हायत."

दोन वर्षांत पहिल्यांदाच महालिंगप्पांनी तिच्या मनगटाकडं नीट पाहिलं, आणि त्यांना रडू कोसळलं. ईरण्णाला वाटलं, दुकानासाठी रडतायत.