ऑर्गनचं तोंड फिरवलं

आयर्लंडमध्ये नावनला आमच्या शेजारी एक आयरिश बाई एकट्याच राहतात. आयुष्यभर हॉस्पिटलात नर्स होत्या, आता निवृत्त आहेत. पूर्वी त्या भांडी घासताना रोज गायच्या आणि खरं सांगायचं तर मला त्याचा वैताग यायचा. मग त्यांच्या फुप्फुसाचं मोठं ऑपरेशन झालं आणि गाणं बंद पडलं. तेव्हा मात्र मला करमेना. त्या वर्षात भेटल्या की पुढच्या तपासणीपलीकडचं काही बोलायच्या नाहीत.

एके दुपारी मी खिडकी उघडी टाकून पेटी वाजवत बसले होते, तर बाई दारात. त्यांच्या चर्चचा गानवृंद चारशे वर्षांपूर्वीचं इटालियन संगीत बसवत होता. साथीला ऑर्गन वाजवणाऱ्याला लांब डंडॉकला नोकरी लागली आणि तो गेला. "तुम्ही वाजवाल का? मला एक गाणं म्हणायचंय. एकदाच, उभं राहून, शेवटपर्यंत. मग मी गप्प बसायला मोकळी." इथे आल्यावर थोडा कीबोर्ड आणि इथलं स्वरलेखन शिकले होते, तेवढ्या बळावर मी हो म्हटलं. आधी हो म्हणायचं आणि मग घरी येऊन चिडचिड करायची, हा माझा स्वभावच आहे.

शनिवारी सकाळी चर्चच्या हॉलमध्ये तालीम असे. वृंदाचे प्रमुख म्हणजे एक निवृत्त शाळामास्तर. ते स्वतः चेलोसारखं एक जुनं वाद्य गुडघ्यांत धरून वाजवत. त्यांनी माझ्या हातात कागद दिला. वर गाण्याची ओळ, खाली डाव्या हाताची एक ओळ, तिच्या डोक्यावर कुठेकुठे आकडे. उजव्या हाताला काहीच नाही. झेरॉक्स काढताना अर्धं पान उडालं असणार, असं वाटून मी म्हटलं, "बाकीचं कुठंय?"

"बाकीचं तुम्ही," मास्तर म्हणाले. "त्या काळी एवढंच लिहायचे. खालच्या स्वरावर कुठले स्वर उभे करायचे ते आकडा सांगतो. कसे उभे करायचे, ते वाजवणाऱ्यानं बघायचं."

माझ्या अंगावर मूठभर मांस चढलं. सगळं लिहून ठेवायची सवय आम्हाला कुठे आहे? हे तर आपल्या घरचंच निघालं.

घरचं समजून बसले आणि तिथेच फसले. सांगलीला ज्यांच्याकडे मी पेटी शिकले, त्या गुरुजींचं सांगणं एकच होतं: साथीची पेटी गाणाऱ्याच्या मागून जाते. त्यानं जागा घेतली की ऐकायची आणि केसभर मागून बोट ठेवायचं. पुढे गेलं की खेकसायचे. ते इतकं हाडीमासी मुरलेलं की इथेही मी बाईंच्या आवाजाची वाट बघत बसले. आणि बाई माझ्या खालच्या स्वराची वाट बघत होत्या, कारण या संगीतात आधी खालचा स्वर येतो आणि मग आवाज त्यावर पाय ठेवतो. त्या थांबायच्या, मी थांबायची, गाणं रेंगाळायचं आणि वाट बघण्यातच त्यांचा श्वास संपायचा. मधे एक लांबलचक ओळ होती, तिथे पोचल्या की खोकला यायचा. "सॉरी," म्हणून त्या खाली बसायच्या. दर शनिवारी तिथेच.

नवऱ्यानं एक तालीम फोनवर रेकॉर्ड केली. नंतर आम्ही खरेदीला ब्लँचर्डस्टाउनला निघालो तेव्हा त्यानं ती गाडीत लावली. "यार, तुम्ही दोघी 'आधी तू, आधी तू' करताय. ऑनलाइन मीटिंगमध्ये होतं ना, सेम तसं."

"गाडी नीट चालव," मी म्हटलं. त्याचं बरोबर होतं, म्हणूनच राग आला.

त्याच आठवड्यात मास्तरांचा फोन आला. ते गाणं ते काढून टाकणार होते, त्याऐवजी सगळ्यांनी मिळून दुसरं काहीतरी म्हणायचं. "तिची दमछाक मला बघवत नाही," ते म्हणाले. मी म्हटलं, अजून एक शनिवार द्या. माझ्या बोटांपायी त्या बाईंनी कायमचं खाली बसावं, हे मला पचेना.

त्या शनिवारी मी लवकर गेले. हॉलमधला छोटा ऑर्गन भिंतीला टेकलेला होता, म्हणजे वाजवणाऱ्याची पाठ गाणाऱ्याकडे. इतके दिवस मी तशीच बसत होते आणि मला काही खटकलं नव्हतं. आमच्याकडे गाणाऱ्याकडे पाठ करून कोण बसतं? अर्धी साथ तर डोळ्यांनी चालते.

"हा फिरवायचाय," मी मास्तरांना म्हटलं.

"तो कायम असाच असतो."

"असेल. मला बाईंचं तोंड दिसलं पाहिजे."

आवाज जरा चढलाच असावा, कारण मास्तरांनी मुकाट्यानं एक बाजू धरली आणि आम्ही तो ढकलत फिरवला. बाई समोर उभ्या राहिल्या तेव्हा मला दिसलं की प्रत्येक ओळीआधी त्यांचे खांदे किंचित वर येतात. आवाज त्यानंतर. मी आवाजाच्या मागे लागले होते, लागायला हवं होतं श्वासाच्या. खांदे वर आले की माझा डावा हात खाली, असं सुरू केलं आणि गाणं चालायला लागलं. लांब ओळही कशीबशी पार पडली. मास्तर नुसतं "ग्रँड" म्हणाले. त्यांच्या तोंडून ते म्हणजे शाल-श्रीफळच. गाणं कार्यक्रमात कायम राहिलं.

कार्यक्रमाच्या दिवशी चर्च भरलं होतं. हॉलमधला ऑर्गन तिथे आणून तसाच, बाईंचं तोंड दिसेल असा ठेवला होता. बाईंनी सुरुवात छान केली, पण लांब ओळीच्या मध्यावर श्वास संपला. त्यांच्या ओठांवर "सॉरी" येताना मला दिसलं. मी हात उचलला नाही. तो स्वर तसाच धरून ठेवला आणि त्यांच्याकडे बघून मान हलवली: घ्या, सावकाश घ्या. मास्तरांचा गजही फिरत राहिला. मला भयंकर भीती वाटत होती. बाईंनी पोटभर श्वास घेतला आणि उरलेली अर्धी ओळ आधीपेक्षा हळू आवाजात म्हटली. मग पुढची, मग शेवटची. माझे डोळे इतके भरले होते की शेवटचे आकडे मला दिसलेच नाहीत, अंदाजानं वाजवले.

नंतर हॉलमध्ये चहा होता. श्रोत्यांपैकी कुणीतरी विचारलं, तो मधला थांबा संगीतकारानंच लिहिलाय का? एरवी एक स्वर इकडचा तिकडे झालेला खपवून न घेणारे मास्तर म्हणाले, "अर्थात."

बाई बिस्कीट खात उभ्या होत्या. "हे फार छोटं होतं," त्या मास्तरांना म्हणाल्या. "येत्या हिवाळ्यात मला मोठं काहीतरी द्या." आणि मास्तर उत्तर द्यायच्या आत माझ्याकडे वळून म्हणाल्या, "शनिवारी मोकळ्या आहात ना?"