पांढऱ्या कापडातला नकाशा

फैजपूरहून सकाळच्या एसटीने निघालो. मी आणि नाना, म्हणजे माझे काका. शेजाऱ्याने तार ठोकून मळ्याची गाडीवाट बंद केली होती. केळी कापणीला आलेली आणि सुनावणी दुसऱ्याच दिवशी. वाट होती याचा पुरावा एकच, गावाचा जुना नकाशा. खान्देश एकच जिल्हा होता तेव्हाचा, म्हणून तो तेव्हाच्या मुख्य ठाण्याला, धुळ्याला. मी भूगोल शिकवते, त्यामुळे नानांनी मला पुण्याहून बोलावून घेतलं.

थांब्यावर उभे असताना नाल्यातून अक्का वर आल्या, डोक्यावर चाऱ्याचा भारा. त्यांचं शेत नानांच्या मळ्यामागे.

"या वयात नाल्यातून?" मी विचारलं.

"अक्काले वाट कधी नव्हतीच," नाना दुसरीकडे बघत म्हणाले.

पारोळ्याला बस पंक्चर. नानांनी कळण्याच्या (ज्वारी-उडदाच्या) भाकरींचं फडकं सोडलं, पण स्वतः अर्धीच खाल्ली. मी मात्र दोन हाणल्या. मला राग आला की भूक लागते.

धुळ्याच्या दप्तरखान्यात छतापर्यंत गाठोडी. लाल कापडातली कायम जपायची, पांढऱ्यातली मुदत संपली की रद्दीत. लाल गाठोडी एकेक करून पाहिली. आमचं गाव कुठेच नाही. चार वाजले आणि रद्दीचा ट्रक भरू लागला.

"त्यात बघू?" मी शिपायाला विचारलं.

"हाई बठ्ठं रद्दी शे, ताई."

"कधी लाल कापड संपलं म्हणून पांढऱ्यात बांधलं असेल तर?"

तो थबकला. "आसं व्हयेल शे खरं," त्याने कबूल केलं.

ड्रायव्हर हॉर्न वाजवत होता आणि आम्ही ट्रकच्या फाळक्याशी गाठी सोडत होतो. सातव्या गाठोड्यात गाव सापडलं. दोन तुटक रेषा, म्हणजे गाडीवाट, शेजाऱ्याच्या शेतातून सरळ मळ्यापर्यंत!

"नाना, जिंकलो!" मी ओरडले. मग तशाच दुसऱ्या दोन रेषा दिसल्या. नानांच्या मळ्यामधून थेट अक्कांच्या शेतापर्यंत.

"अर्ध्याच नकाशाची नक्कल मिळेल?" मी विचारलं. आज त्याची लाज वाटते.

"अर्धं काही नही मिळस," शिपाई म्हणाला. "बोला, जाऊ देऊ का ट्रकमा?"

ते गाठोडं गेलं असतं तर आमची वाट बुडाली असती, पण अक्कांची वाट कधीकाळी होती हेही कुणाला कळलं नसतं. नानांनी मळ्यापासून अक्कांच्या शेतापर्यंत त्या रेषांवरून बोट फिरवलं.

"लाल कापड आणा, भाऊ," शेवटी ते म्हणाले.

सही-शिक्क्याची नक्कल हातात पडली तेव्हा ऑफिस बंद होत होतं. परतीच्या बसमध्ये मला वाटत राहिलं, आपण आपलं खरं करायला दप्तर धुंडाळतो, पण ते कुणाचंच मिंधं नसतं. म्हणूनच ते जपायचं.

"गाडीवाट केवढी रुंद असते?" एरंडोलजवळ नानांनी विचारलं.

"एक बैलगाडी जाईल एवढी."

"म्हंजे केळीच्या दोन ओळी जातीन."

फैजपूरला उतरल्यावर नाना घराकडे वळलेच नाहीत. नक्कल घेऊन ते आधी अक्कांच्या दाराशी गेले.