शेवटच्या कडव्यानंतर

परवा बारावीच्या वर्गात एका कवितेचं रसग्रहण घेतलं... आणि तेव्हापासून माझं मन थाऱ्यावर नाही.

महागाव तालुक्यातल्या एका कॉलेजात मी मराठी शिकवतो. अपठित कवितेच्या सरावासाठी मुलांना घरी ऐकलेल्या ओळी लिहून आणायला सांगतो. खाली नाव टाकायचं नाही... नाव पाहून माझं मत बनू नये म्हणून. या नियमाचा मला थोडा अभिमानच होता.

परवाच्या कागदावर ढावलो होता. बंजारा नवरी सासरी निघताना रडत रडत म्हणते ते गाणं, मराठीत उतरवलेलं. आजाचं कडवं, बापाचं, भावाचं... आणि प्रत्येकानंतर त्यालाच उद्देशून ध्रुवपद, ‘थोडं थांब, तुझं तोंड पाहून घेऊ दे.’

मी कविता फळ्यावर उतरवली आणि टिपणं लिहीत गेलो. रस करुण. ‘उंबरा माझी ओढणी धरतो’, इथे चेतनगुणोक्ती. शेवटचं कडवं सारवलेल्या चुलीचं, भरलेल्या घागरीचं. त्यानंतर मात्र ध्रुवपद नव्हतं, कविता तिथेच तुटली होती. मी त्या जागी गोल काढला आणि बाजूला लिहिलं... रचनादोष.

“कवीची एसटी सुटत असन, सर,” मागून कोणीतरी म्हणालं. वर्ग हसला. मीही हसलो.

तास संपल्यावर रोशनी थांबली. तांड्यावरून येते, एरवी फारसं बोलत नाही. कागद तिचाच होता. मागच्या महिन्यात तिच्या ताईचं लग्न झालं, तेव्हाचा हा ढावलो. एकेकाच्या गळ्यात पडून कडवं म्हणायचं, मग ध्रुवपद... अशी रीत. शेवटचं कडवं आईचं. आई दिवाळीच्या आधीच गेली.

“तिथी ताई चूप राह्यली, सर. तिनं म्हटलंच नाही, तं मी कशी लिहू?”

मी डस्टर घेतलं. गोल पुसला, शब्द पुसला. चुकलं माझं, एवढंच म्हणालो. “राहू द्या, सर,” म्हणून ती निघाली... तिला तांड्याची एसटी गाठायची होती.

काल तिला विचारून वर्गाला सगळं सांगितलं. कोणी हसलं नाही. पण परवाचं माझं हसणं फळ्यावर नव्हतं, ते कसं पुसू?

नाव न पाहणं म्हणजे न्याय, असं मी इतकी वर्षं समजत होतो. कोण कोणासाठी गातंय, हे विचारायचंच राहून गेलं... रोशनी थांबली, हे तिचे उपकार.