झांजिबारची लवंग

विड्याला टोचलेली लवंग दिसली, की आजही मला ती घटना आठवते आणि मी विडा हातात धरून उगाच थांबतो. बायको म्हणते, "खा आता. त्याचा पंचनामा नको."

राज्यांची फेररचना झाली आणि आम्ही बेळगावकडचे पोलीस मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात आलो. माझी नेमणूक बंगळुरात, तरगुपेठेजवळच्या ठाण्यात सबइन्स्पेक्टर म्हणून झाली. बायको आणि मुलगी बेळगावातच राहिल्या. "तिकडे परत बदली झाली की आलोच," असे मी प्रत्येक रजेत सांगत असे आणि मला ते खरेही वाटत असे. बंगळुरात मराठीची इतकी भूक लागायची, की रस्त्यात दोन माणसे मराठीत भांडताना दिसली तर मी सोडवायचे विसरून ऐकत उभा राहायचो.

तरगुपेठ म्हणजे किराण्याची घाऊक पेठ. त्या वर्षांत तिथे लवंगेने सगळ्यांची झोप उडवली होती. आपल्याकडची बहुतेक लवंग आफ्रिकेच्या किनाऱ्याजवळच्या झांजिबार बेटावरून येई. बेटावर तेव्हा इंग्रजांचा अंमल होता. त्या बेटाला विकायला दुसरे फारसे काही नव्हते आणि आपले लवंगेवाचून भागत नव्हते. मग परकीय चलन वाचवायचे म्हणून सरकारने आयातीवरची जकात चढवली, परवानेही आवळले. सरकारचे गणित सरकारपाशी. पेठेत झाले ते असे: मोठ्यांनी साठे दाबून धरले, छोट्यांनी दुकाने मिटली आणि गिऱ्हाइकाच्या पुडीत तेल काढून घेतलेल्या काड्या पडू लागल्या. चोरटा माल ओघाने आलाच.

एके सकाळी हजेरी आटोपत असताना एक मसाल्याचा व्यापारी ठाण्यात आला. तो तिथल्याच जुन्या मराठी वस्तीतला. ही घराणी तीनशे वर्षांपासून बंगळुरात आहेत. बोलणे मराठी, पण त्यात कन्नड मुरलेले.

"सर, स्वल्प आत बसून बोलूया की," तो म्हणाला. आत बसल्यावर त्याने मन मोकळे केले. "आमच्या गल्लीत एक अक्का आहेत. यजमान झांजिबारला. जकात वाढली तसं त्यांचं दुकान बंद पडलं. तरी बघा, दरसाल मंगळूरकडनं एक माणूस वळकटी घेऊन येतो आणि हात हलवत जातो. मग आठवडाभर गल्लीत लवंगेचा घमघमाट! मी जकात भरलेला माल विकतो सर. मी काय गाढव?"

खबऱ्याच्या तोंडी न्यायाची भाषा आली, की त्याचा धंदा बसला आहे असे समजावे. म्हणून खबर खोटी ठरत नाही. प्रवाशाच्या वापरातल्या अंथरुणावर जकात नसते, त्यामुळे वळकटीची युक्ती जुनीच होती. मी ठाण्याच्या डायरीत नोंद केली, जकात खात्याला कळवले आणि जमादाराला घेऊन साध्या वेशात त्या घरी गेलो.

पुढे बंद दुकान, मागे दोन खोल्या. अक्का पन्नाशीच्या होत्या. कपाळावर ठसठशीत कुंकू होते. मी ओळख सांगितली तरी त्या बिचकल्या नाहीत.

"पोलीस असाल, पण मराठी आहात ना? मग बसा की अण्णा. काफी घेऊन जायचं."

यजमान लवंग खरेदीसाठी पूर्वी दरसाल बेटावर जात आणि मालाबरोबर परत येत. "माल यायचा बंद झाला, मग माणूस कसा येणार? रिकाम्या हातानं यायचं त्यांना जड जातं," अक्का म्हणाल्या. यजमानांना पत्रे लिहिण्याची सवय नव्हती. निरोप मात्र येई, तो एकच: जकात उतरली की येतो. हे सांगताना त्यांची नजर दाराकडे गेली. माझीही गेली. जमादार तेवढा काफी पीत राहिला.

आम्ही घरावरून नजर फिरवली. पोते नाही, तागडी नाही, विक्रीची काही खूण नाही. मी निघालो, तर अक्कांनी थांबवले. त्या वस्तीत अक्का लग्नाकार्यांत विडे करायच्या, आणि घरी आलेला माणूस विड्याशिवाय उंबरा ओलांडू नये ही त्यांची रीत. झडतीच्या इराद्याने आलेला पोलीस तिला अपवाद नव्हता. त्यांनी पान लावले, दुमडले आणि लवंग टोचून माझ्या हातावर ठेवले.

ठाण्यात येऊन मी ती लवंग काढली आणि पाण्याच्या पेल्यात टाकली. पेठेतली तेल काढलेली लवंग आडवी तरंगते. ही बोंड वर करून उभी राहिली आणि हळूहळू तळाला गेली. अशी लवंग त्या पेठेत कोणी फुकट वाटत नव्हते. जमादार म्हणाला, "सर, आरोपीने स्वतःच पुरावा दिला?" मला हसू आले नाही. विडा मात्र मी खाल्ला.

लवंगेचा मोसम संपला तशी आम्ही मोटार स्टँडवर पाळत ठेवली. मंगळूरच्या गाडीतून तो माणूस उतरला. वळकटी छातीशी धरून चालला होता. आपल्या अंथरुणाला कोणी इतके जपत नाही. पंचांसमोर वळकटीतली उशी उसवली आणि लवंग टेबलभर पसरली. ठाण्याला तसा सुगंध त्याआधी कधी आला नव्हता.

तो किनाऱ्यावरचा, उन्हाने करपलेला माणूस होता. अक्कांच्या यजमानांच्या हाताखाली त्याने बेटावर बरीच वर्षे काढली होती, मोडकी मराठीही त्यांच्याकडूनच शिकला होता. माल कोणाचा, पुढे कोणाला विकता, या प्रश्नांना तो गप्प. दमदाटीने गप्प माणूस आणखी गप्प होतो. मी त्याला जेवायला घातले आणि माझे दुसरे काम करीत बसलो.

जेवून झाल्यावर त्यानेच विचारले, "सर, हे अक्काला कळणार?"

पकडलेला माणूस शिक्षा किती ते विचारतो. हा भलतेच विचारत होता. "मालाचं अक्कांना ठाऊकच आहे," मी म्हणालो. "मग कळायचं काय राहिलं?"

त्याने तोंडावर पंचा धरला. "मालक नाहीत, सर. तापानं गेले. दोन मोसम झाले. मरताना म्हणाले, तिला सांग, जकात उतरली की येतो. मी तेच सांगतो."

"आणि ही लवंग?"

"माझी. तोडणीची मजुरी मी लवंगेत घेतो. हात रिकामा घेऊन अक्कापुढं कसा उभा राहू?"

गुन्हा उलगडला होता. एरवी अशा वेळी छाती फुगते. त्या दिवशी मात्र हा जबाब मी लिहूच नये असे वाटले. माल घेणारी म्हणून अक्कांचाही जबाब घेणे भाग होते. त्यांचे कुंकू आता माझ्या लेखणीखाली आले होते.

दुसऱ्या दिवशी गेलो तेव्हा अक्का सुपात मागच्या सालची लवंग निवडत होत्या. बोंडाची एका बाजूला, देठ आणि मोडकी दुसऱ्या बाजूला. वळकटीवाला पकडला गेल्याचे त्यांना कळले होते. मी टोपी काढून मांडीवर ठेवली.

"तुम्हाला सांगायला जड जातंय ना, अण्णा?" त्याच म्हणाल्या. "मला ठाऊक आहे."

"काय ठाऊक आहे?"

त्यांनी देठांची मूठ माझ्यापुढे केली. "विड्याला बोंडाचीच लवंग लागते. यजमान एकेक निवडून पाठवायचे. एक देठ सापडायचा नाही. दोन सालं झाली, निवडायचं काम माझ्याकडं आलं. तेव्हाच कळलं. त्यांच्या हातची लवंग अशी नसायची."

"मग त्या माणसाला तुम्ही बोलला का नाहीत?"

"बोलले असते तर तो यायचा थांबला असता." त्या सूप पाखडू लागल्या. "तो आला की निरोप यायचा. खोटा का असेना, यजमानांचा होता."

मी जबाबाचा कागद काढला, पण लेखणीचे टोपण उघडले नाही.

"सरी, ठीक आहे, लिहा तुम्ही," त्या शेवटी म्हणाल्या. "कुणीतरी लिहायला पाहिजेच होतं."

मी लिहिले. माल जप्त झाला, त्या माणसाला खात्याने दंड केला. अक्कांनी एक लवंगही विकली नव्हती, सगळी लोकांच्या लग्नांतल्या विड्यांना लागली होती, हे तपासात सिद्ध झाले आणि त्यांच्यावर खटला झाला नाही. "तो परत येईल का?" एवढेच त्यांनी मला विचारले. कायद्याचा माणूस म्हणून मला नाही म्हणावे लागले.

या प्रकरणाने मला तपासातले फार काही शिकवले नाही. शिकवले ते वेगळेच. जकात उतरली की येतो आणि बदली झाली की येतो, ही दोन वाक्ये मला एकाच माणसाची वाटू लागली. बदलीचा अर्ज मी मागे घेतला, एक खोली वाढवून घेतली आणि बायको-मुलीला बंगळुरात आणले.

बायकोला घेऊन अक्कांकडे गेलो. त्यांचे कपाळ मोकळे होते. ओटी त्यांनी शेजारणीला भरायला लावली. मग आपला जुना कुंकवाचा करंडा उघडला. त्यात कुंकू नव्हते, मोजक्या लवंगा होत्या, टपोऱ्या बोंडांच्या. एक घेऊन त्यांनी विड्याला टोचली आणि विडा बायकोच्या हातावर ठेवला.

"ही यजमानांच्या हातची," त्या म्हणाल्या. "दोघं एकाच गावात राहा."

त्या लवंगा मुद्देमालात नव्हत्या. मी विचारलेही नाही.