फलकाची दुसरी काठी

एका कृष्णवर्णीय तरुणाला गोळी घालणारा पोलीस निर्दोष सुटला, त्या दुपारी आमच्या इथल्या कोर्टासमोर माणसं जमली. मी समोरच्या थांब्यावर, बसची वाट बघणाऱ्याचा चेहरा करून उभा. जर्मन नागरिकत्वाचा माझा अर्ज अजून लटकलेला. निदर्शनात फोटो निघाला तर?

एक ठेंगणी आफ्रिकन बाई दोन काठ्यांना गुंडाळलेला कापडी फलक काखेत धरून माझ्याकडे निघाली. रस्ता रिकामा होता, तरी सिग्नल हिरवा होईपर्यंत थांबली.

"आल्झो," तिने जर्मन 'तर मग'ने सुरुवात केली, "तीन बस सोडल्यात तुम्ही. चला, दुसरी काठी धरा."

मी अर्जाचं रडगाणं गायलं. माझा सुटलेला मफलर नीट गुंडाळत ती म्हणाली, "माझा भाचा होता तो. त्याच्याकडे जन्मापासून जर्मन पासपोर्ट होता."

मी काठी धरली. माझा हात खाली आला की ती म्हणायची, "वर! भाच्याचं नाव दिसू दे."

दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो आलाच. बायको बराच वेळ बघत राहिली. मला वाटलं, आता अर्जाचा विषय निघणार.

"अहो, फलक केवढा तिरका धरलाय! त्या बाईंना विचारा, परत कधी जमणार आहेत. मी येते."