म्हशीला कळतं, आपण कुठं आहोत ते

पंच्याण्णव सालच्या जुलैमध्ये मी डिंगोरे सोडलं. नुकतीच बी.एस्सी. झाले होते, जुन्नरच्या कॉलेजातून, सेकंड क्लास. आमच्या घरात माझ्याआधी दहावीच्या पुढं कुणी गेलेलं नव्हतं. हे मी अजूनही कुणी विचारलं नाही तरी सांगते. पुण्यात लॅब टेक्निशियनच्या डिप्लोमाला नंबर लागला होता. आप्पांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, पत्र्याची ट्रंक सायकलच्या कॅरिअरला दोरीनं आवळली होती आणि साडेसहाची एसटी चुकू नये म्हणून ते अंगणातून घंटी वाजवत होते.

आई गोठ्यात होती. मोरीच्या, आमच्या म्हशीच्या, पोटाला डोकं टेकवून, गुडघ्यांत बादली धरून बसली होती. मी दारात उभी राहिले.

"आई, निघते गं."

"हां. जा. नीट जा, सुमे."

तिनं मागं वळून पाहिलं नाही. बाहेर घंटी वाजली, मी निघाले. गाडी ओतूरच्या पुढं जाईपर्यंत माझ्या मनात एकच होतं. पोरगी शहराला चाललीय आणि आईला दूध महत्त्वाचं.

हे लिहितेय ते तुमच्यासाठी, जे गावात राहिलात, आणि जे माझ्यासारखे ट्रंक घेऊन बाहेर पडलात. दोघांनाही गोठा माहीत आहे, त्यामुळे फार समजावून सांगावं लागणार नाही. तरी शहरात जन्मलेल्या पोरांसाठी सांगते. म्हैस ज्याला त्याला दूध देत नाही. आधी आंबोण, म्हणजे भिजवलेली पेंड, ठेवायचं, रेडकू थोडं पाजायचं, मग कासेवरून ओला हात फिरवत बसायचं. तिच्या मनात आलं की कास भरते, त्याला पान्हा म्हणतात. नाही आलं की पान्हा चोरते. मग तुम्ही सड ओढत बसा, धार येत नाही. आणि तिला एका माणसाची सवय लागते. माझी आई तिच्या भावाच्या लग्नाला राजुरीला गेली की आप्पांना आईचं लुगडं अंगावर गुंडाळून धार काढायला बसावं लागायचं. म्हैस वासाला आणि लुगड्याच्या रंगाला फसायची, शेजारचा बाळूकाका मात्र फसायचा नाही. तो कुडावरून ओरडायचा, "काय वहिनी, आज मिशी लई झाक दिसतीया!"

पुण्यात डिप्लोमा झाला, एका मोठ्या हॉस्पिटलात नोकरी लागली, लग्न झालं, मुलगी झाली. माझं काम रक्त काढण्याचं. सकाळी सातला कलेक्शन रूम उघडायची तेव्हा उपाशीपोटी आलेल्या पेशंटची रांग व्हरांड्यापर्यंत गेलेली असायची. माझा हात चांगला होता. लहान मुलांच्या, म्हाताऱ्यांच्या शिरा दुसऱ्यांना सापडत नव्हत्या तेव्हा मला बोलवायचे. ह्याचा मला अभिमान होता आणि तोच नडला. हात आपोआप चालायला लागले की डोकं मोकळं सुटतं. सुई शिरेत असायची आणि मी घरी असायची. गॅस बंद केला का, मुलीला पाळणाघरातून कोण आणणार, सव्वातीनची बस मिळेल का.

दोन हजार चार साली वॉर्डात एकाच आडनावाच्या दोन बायका शेजारशेजारच्या खाटांवर होत्या. दोघींचं रक्त काढलं. ट्यूबवर नावाचं लेबल पेशंटजवळ उभं राहूनच लावायचं, हा आमच्यातला पहिला नियम. मी त्या दिवशी दोन्ही ट्यूब खिशात टाकल्या आणि काउंटरवर जाऊन लेबलं लावली. अदलाबदल झाली. एकीला दुसऱ्या दिवशी रक्त चढवायचं होतं. ब्लड बँकेतल्या माणसानं जुना रिपोर्ट काढून पाहिला, ग्रुप जुळेना, म्हणून त्यानं पुन्हा सॅम्पल मागवलं. त्यानं जुना कागद पाहिला नसता तर काय झालं असतं ते मला माहीत होतं. सगळ्यांना माहीत होतं.

आमच्या लॅबच्या मॅडमनी आरडाओरडा केला नाही. म्हणाल्या, "एक महिना मी बघते. पुन्हा असं झालं तर तुम्हाला कामावर ठेवता येणार नाही. तुम्हीही माझ्या जागी असतात तर ठेवलं नसतं."

खरं होतं ते. पण घरी कुणाला सांगायची सोय नव्हती. डिंगोऱ्यात आप्पा एसटी स्टँडवर बसून सांगायचे, "आमची सुमी दवाखान्यात हाये, डाक्टर लोक तिला इचारून काम करत्यात." डॉक्टर मला विचारत नव्हते, पण सांगणाऱ्याचा चेहरा पाहण्यासारखा असायचा. त्या माणसानं स्टँडवर काय सांगायचं मग?

त्याच सुमारास हॉस्पिटलनं स्टाफसाठी ध्यानाचा वर्ग सुरू केला होता. दर मंगळवारी दुपारी अर्धा तास, मीटिंग हॉलमध्ये. एक सर यायचे, सतरंजीवर बसवायचे, बासरीची सीडी लावायचे. "श्वासाकडे फक्त बघा. विचार आला की सोडून द्या, परत श्वासाकडे या." मॅडमनी माझं नाव घातलं. मी गेले. डोळे मिटले की त्या दोन ट्यूब दिसायच्या. श्वास मोजताना मी महिन्याचे किती दिवस उरले ते मोजायला लागायची. शेजारच्या नर्सबाई घोरायच्या. तीन मंगळवार झाले आणि मी सरांना सरळ सांगितलं, "सर, मला हे जमत नाही. शांत बसायची सवय नाही आम्हाला." ते नुसते हसले.

त्या महिन्यातच आप्पांचा फोन आला. आई गोठ्यात घसरली होती, उजवं मनगट मोडलं होतं. भाऊ तेव्हा मुंबईला, वहिनी बाळंतपणाला माहेरी. मोरी कधीच गेली होती, तिचीच रेडी आता म्हैस झाली होती, बिजली. आप्पांच्या गुडघ्यांना उकिडवं बसवेना. चार दिवसांची रजा घेऊन मी गेले.

पहिल्या दिवशी सकाळी आईचं हिरवं लुगडं नेसून गोठ्यात शिरले. एवढं केलं की झालं, असं मी धरून चालले होते. आंबोण ठेवलं, रेडकू सोडलं, ओढून बाजूला बांधलं, बादली गुडघ्यांत धरली. सड ओढले तर चार थेंब. बिजलीनं शेपटी माझ्या तोंडावर मारली आणि पाय आपटला. आई प्लॅस्टरचा हात गळ्यात बांधून उंबऱ्यावर बसली होती.

"आई, लाथ मारील ही!"

"मारंल की. तिला काय म्हाईत, तू बीएस्सी हाईस."

"अगं, लुगडं तर तुझंच नेसलंय."

"लुगडं वळखीपुरतं. लुगडं बगून ती हुबी ऱ्हाती एवढंच. लुगड्याला दूध कोन देतंय?"

"मग काय करू?"

"काय बी करू नगंस. डोकं टेकव तिच्या पोटाला. तिचा श्वास खालवर व्हतोय, त्यो बग. तू आजून हितं आलीच न्हाईस, सुमे. म्हशीला कळतं, आपुन कुठं हाय त्ये."

मी डोकं टेकवलं. म्हशीचं अंग गरम असतं आणि खरखरीत, कडब्याचा वास येतो. तिचं पोट माझ्या कपाळाखाली फुगायचं, खाली जायचं. माझ्यापेक्षा कितीतरी सावकाश. मॅडम आठवल्या, लक्ष पुन्हा त्या पोटावर आणलं. त्या दोन खाटा आठवल्या, पुन्हा आणलं. किती वेळ गेला सांगता येणार नाही. हात कासेवर नुसता फिरत होता. मग बोटांना कळलं की कास भरून आली आहे.

नेमका तेव्हाच खिडकीत ठेवलेला मोबाईल वाजला. हॉस्पिटलचा असणार, असं वाटलं. उठले असते तर बिजलीनं राहिलेलं दूध चोरलं असतं. उठले नाही. धार बादलीच्या पत्र्यावर चर्र चर्र वाजत होती, मग दुधावर पडायला लागली तसा तिचा आवाज जाड झाला. मोबाईल वाजून वाजून थांबला. नंतर पाहिलं तर नवऱ्याचा होता. मुलीची पाण्याची बाटली कुठं ठेवलीय, एवढंच विचारायचं होतं.

उंबऱ्यावरून आई म्हणाली, "आता आलीस."

आप्पा किटली डेअरीत घालून आले तेव्हा चुलीजवळ चहा झाला. दूध निघाल्याच्या आनंदात मला जरा जोर आला होता. नऊ वर्षं पोटात ठेवलेलं मी बोलून टाकलं. "आई, मी पुण्याला निघाले त्या दिवशी तू उठलीसुद्धा नाहीस. वळूनही पाहिलं नाहीस. तुला मोरीचं दूध काढायचं होतं."

आई बशीतला चहा फुंकत राहिली. आप्पा मात्र हसायला लागले.

"कसलं दूध घेऊन बसलीस? तुला ष्टँडवर सोडून आलो तर ही तशीच बसल्याली. बादली कोरडी ठणठणीत. डेअरीवाला म्हनला, भाऊ, आज किटली कुठं? म्हटलं, म्हशीला बरं न्हाई."

"गप बसा तुमी," आई म्हणाली. आणि थोड्या वेळानं, बशी खाली ठेवताना, "म्हशीला काय बी झालं नव्हतं. म्हैस चांगली व्हती."

मी उठून कप विसळले.

पुण्याला परत आले तेव्हा महिन्याचे नऊ दिवस उरले होते. सातला रांग लागलेलीच होती. पहिल्या पेशंटच्या मनगटावर मी डावा हात ठेवला आणि नाव विचारलं. नाव सांगताना माणूस श्वास सोडतो, खांदा जरा खाली येतो, तोवर थांबले. मग सुई. मग तिथंच, त्याच्यासमोर, लेबल. दुसरा पेशंट, तसंच. मन बसस्टॉपवर जायचं, मी त्याला मनगटावर आणायची. त्यानं रांग हळू सरकेल अशी भीती होती, पण सरकायची तशीच सरकली. महिना संपला तेव्हा मॅडमनी ड्युटीच्या तक्त्यात माझं नाव कलेक्शन रूमसमोर पुन्हा लिहिलं. आजही तिथंच आहे. आप्पा शेवटपर्यंत स्टँडवर तेच सांगत राहिले.

मंगळवारच्या सरांना मी म्हशीचं सांगितलं. ते म्हणाले, "मी हेच तर शिकवतो." मी म्हटलं, "असेल सर, पण तुमची बासरी लाथ मारत नाही." ते खळखळून हसले. वर्गाला मी आजही जाते. श्वासाकडे बघा म्हणाले की कपाळाला खरखरीत काहीतरी लागतं आणि बसायला जमतं.

आता आमच्या गोठ्यात म्हैस नाही. भावानं तिथं मोटारसायकल लावायची जागा केली आहे, आणि त्यात काही चुकीचं नाही. आई थकली. रविवारी फोन करते तेव्हा पूर्वी मी खांद्यात फोन धरून भाजी निवडायची, आता हातातलं ठेवून खुर्चीवर बसते. ती फार बोलत नाही. "बरं हाय", "पोर कशी हाय", आणि मध्ये बराच वेळ काहीच नाही. त्या मधल्या वेळात मी काही भरत नाही. ऐकत राहते.

गाव सोडलेल्या माणसाला घर कुठं असं विचारतात तेव्हा पत्ता सांगावा लागतो, मी पुण्याचा सांगते. मनात मात्र मी गोठ्याच्या त्या दाराशी जाऊन उभी राहते. तेव्हा मी पदवीधर होते, कान शाबूत होते आणि आई दोन पावलांवर होती. बादलीत धार वाजत नव्हती, आणि मला ते ऐकू आलं नाही.