फ्लेक्सवरचा नोंदणी क्रमांक

दिलदार मुजावर यांना न विचारता त्यांचा फोटो फ्लेक्सवर लागण्याची ही काही पहिली वेळ नव्हती. वाढदिवस असो, तालमीची निवडणूक असो की नव्या हॉटेलचं उद्घाटन, कोल्हापुरात ओळखीपाळखीच्यांचे चेहरे खाली 'शुभेच्छुक' म्हणून छापले जातात. विचारायला कोणी जात नाही. उलट ज्याचा फोटो राहतो, तोच रुसतो. दिलदारही एकदा रुसले होते. पण फुलेवाडी रिंगरोडच्या त्या फ्लेक्ससमोर त्यांनी मोटारसायकल थांबवली आणि त्यांची कानशिलं तापली.

जाहिरात 'राजवीर हाइट्स' या बिल्डिंगची होती. कोपऱ्यात दिलदारांचा उरुसातला, फेटा बांधलेला फोटो. फोटोखाली मोठ्या अक्षरांत 'रेरा नोंदणीकृत' आणि पुढं घरबांधणीवर देखरेख ठेवणाऱ्या या सरकारी प्राधिकरणाचा एक क्रमांक. तो क्रमांक दिलदारांचा होता, घरविक्रीचे एजंट म्हणून त्यांना मिळालेला. बिल्डिंगची नोंदणी झालेलीच नव्हती.

असा फ्लेक्स लागलाय हे कळलं तेही गिऱ्हाइकाच्या फोनमुळं. शाहूवाडीकडचा कृष्णात त्यांच्याकडून वर्षभर फ्लॅट बघत होता. "चाचा, तुमचा फोटो बघितला, नंबर बघितला. आता काय काळजी न्हाय. दुपारी इसार देतोय," असं म्हणून त्यानं फोन ठेवला होता.

दिलदारांचे वडील गाद्या भरायचे. दिलदार सायकलवर फिरून विद्यार्थ्यांना भाड्याच्या खोल्या दाखवू लागले, मग घरं विकू लागले. एजंटालाही परीक्षा आणि नोंदणी लागेल, असा नियम आला तेव्हा धंद्यातले बरेच जण "बघू की" म्हणून गप्प बसले. दिलदार पन्नाशीत अभ्यासाला बसले. मुलगी शबनूर जेवताना प्रश्न विचारायची आणि चुकलं की दुसरी भाकरी द्यायची नाही. ज्या प्रकल्पाला नोंदणी हवी आणि ती झालेली नाही, त्यातलं घर एजंटानं विकायचं नाही, हे त्यांच्या डोक्यात तेव्हाच पक्कं बसलं. विकलं तर दंड, नोंदणीही जाऊ शकते. नोंदणी गेली की धंदा गेला.

बिल्डर बाळासो त्यांचा जुना मित्र. आठपर्यंत फ्लॅट असले तर नोंदणी लागत नाही, म्हणून त्यानं सोळा फ्लॅटची बिल्डिंग कागदावर मधोमध कापून दोन केल्या होत्या. जागेवर मात्र जिना एक, लिफ्ट एक, पाण्याची टाकीही एकच. दिलदारांनी महिन्यापूर्वीच त्याला सांगितलं होतं, मी यातला एकही फ्लॅट विकणार नाही.

साइटवर बाळासो खुर्ची टाकून चहा पीत बसला होता.

"ये भावा. फोटो झकास आलाय का न्हाय?"

"कुणाला विचारून लावलास?"

"मान केला तुझा. मानाला काय विचारायचं, मर्दा?"

"त्या नंबराखाली उद्या कुणी फसलं तर माझी नोंदणी जाईल, बाळासो."

"परीक्षा दिल्यापासनं लई वकील झालायस तू."

तेवढ्यात कृष्णात आला. हातात पेढ्यांचा बॉक्स, सोबत बायको संयोगिता. दिलदारांनी त्याला गाडीपाशीच अडवलं.

"पावणं, इसार देऊ नका. तो नंबर माझा हाय. बिल्डिंगला नंबरच न्हाय."

कृष्णातला आधी कळलंच नाही. मग तो दिलदारांवरच उखडला. "मग फोटो कशाला लावू दिला?"

"मला विचारलं न्हाय कुणी."

"तालमीच्या फ्लेक्सवर बी तुम्ही व्हता. तवा काय बोलला न्हाय," संयोगिता म्हणाली. "आमी वळखायचं कसं, कुठला तुमचा आन कुठला खोटा?"

दिलदारांना अधिकच राग आला. बाळासोचा, स्वतःचा, फेटा बांधून हसणाऱ्या त्या चेहऱ्याचा. गावानं फोटोला इतकं स्वस्त करून ठेवलं होतं की खोटी जाहिरातही कौतुक म्हणून खपत होती.

बाळासो उठून आला. "वहिनी, थांबा की. दिलदारभाई, तुझं दुखणं फोटोचं हाय ना? आत्ता फाडतो फोटो. नंबर तेवढा राहू दे."

दिलदार त्याच्याकडं वळले. "परत बोल."

"नंबर राहू दे म्हटलं. तो काय कुणाला चावतोय?"

मान वगैरे काही नव्हतंच. बाळासोला चेहरा नको होता, क्रमांक हवा होता.

दिलदारांनी आधी मोबाइलवर फ्लेक्सचे फोटो काढले. मग एकच जिना आणि एकच लिफ्ट, त्यांचेही काढले. मग गवंड्याची शिडी ओढून आणली आणि त्याच्याच करणीच्या धारेनं फ्लेक्स वरपासून खालपर्यंत फाडला. खाली बाळासो त्यांचं शूटिंग करत होता. "नुकसान करतोयस, पोलिसात देतो."

"दे. ही बिल्डिंग एक का दोन, ते बी सांग तिथं."

कृष्णातनं पेढे परत गाडीत ठेवले. "चाचा" म्हणाला नाही, निरोपही घेतला नाही. गाडी वळवून निघून गेला. इसाराचे पैसे मात्र त्याच्याच खिशात राहिले.

संध्याकाळी शबनूर रेराकडं पाठवायची तक्रार टाइप करत होती. अशा कागदावर चोरून कापलेल्या बिल्डिंगा शहरात आणखी किती आहेत, ते दिलदारांना ठाऊक होतं, आणि उद्यापासून त्या बिल्डरांचे फोन बंद होणार हेही.

"अब्बा, बाळासो काकांचं नाव टाकायचं?" तिनं विचारलं.

"टाक," दिलदार म्हणाले. "आडनावासकट टाक."